अब्बांची कव्वाली नेमकी कुठली?

आमच्या घरात ती कव्वाली मध्येच तुटायची. 'बरसात की रात' या १९६० सालच्या सिनेमातली ती मोठी कव्वाली, रोशन यांचं संगीत, साहिर यांचे शब्द. मन्ना डेंची तान वर चढत जायची, एक शब्द दोनदा यायचा, मग 'खट्' असा आवाज आणि कॅसेटची बाजू संपायची. अब्बा उठायचे, टेपचं झाकण उघडून कॅसेट उलटी घालायचे आणि दुसऱ्या बाजूला तीच कव्वाली एकदम ढंगदार ठेक्यावर पुन्हा सुरू व्हायची. मागे घुंगरांसारखं काहीतरी छनछनायचं. मी नऊ-दहा वर्षांची होते. कव्वाली अशीच असते असं मला वाटायचं. पहिल्यांदा दूरदर्शनवर तो सिनेमा पाहिला तेव्हा मी अम्मीला म्हणाले, "यांनी चुकीची लावलीय."

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे आमची डोंबिवली पश्चिमेची जुनी चाळ गेल्या वर्षी पाडायला घेतली. पुनर्विकास. भाईजान आणि अम्मी भाड्याच्या घरात गेले आणि सामान बांधताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ती कॅसेट सापडली. वर अब्बांच्या अक्षरात उर्दूत सिनेमाचं नाव. त्या नावावर निळ्या पेनाने एक रेघ मारलेली आणि खाली भाईजानच्या अक्षरात लिहिलेलं, 'बयान, रमजान'.

ती रेघ बघून माझं डोकं फिरलं. नव्यानं नाही, जुनंच.

१९९९ साली अब्बा-अम्मी हजला जाऊन आले. त्यानंतर घरातली गाणी बंद झाली. कुणी कुणाला ओरडलं नाही, टेप फक्त बंद राहू लागला. तोपर्यंत भाईजानची दाढी आली होती आणि तो बयानच्या कॅसेट आणू लागला होता. एका रमजानमध्ये मी कॉलेजातून आले तर अब्बांची कव्वालीची कॅसेट टेपमध्ये होती आणि त्यातून कुणीतरी मौलाना बोलत होते. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन नुकरे तोडले की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, हे त्या काळच्या प्रत्येक पोराला माहीत होतं. अब्बांनी ते तोडून ठेवले होते. भाईजानने त्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "अब्बांनीच दिली." मी विश्वास ठेवला नाही. अब्बांना विचारलं नाही. २०११ साली अब्बा गेले आणि तो प्रश्न तसाच राहिला. आम्हा बहीण-भावात त्यावरून भांडण असं झालं नाही, पण ईदला एकमेकांकडे जाताना तो मध्ये असायचा.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हरवलेली वस्तू परत मिळत नसेल तर तिची नक्कल शोधावी, ही शिक्षकी बुद्धी. मला वाटलं, कव्वालीच तर आहे, कुठल्यातरी कंपनीने काढलेली असेल. ती आवृत्ती मिळाली की झालं.

यासाठी समोरच्या इमारतीतल्या काकांकडे गेले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरात. त्यांच्या एका खोलीत फक्त तबकड्या आहेत. लहानपणी रामनवमीला त्यांच्या खिडकीतून गीतरामायण आणि आमच्या खिडकीतून कव्वाली असा सामना चालायचा. काकांच्या लेखी तो सामना नव्हताच. झंकारवालं संगीत त्यांच्या मते संगीतच नव्हतं. "बासुंदीत गरम मसाला घालतात हे लोक," असं ते अब्बांना म्हणायचे, आणि अब्बा म्हणायचे, "काका, आमच्यात बिर्याणी चालते."

काकांनी माझं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठली कव्वाली?"

"बरसात की..."

"ते कळलं गं. कुठली? सिनेमातली? अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवरची? एलपीवरची? रिव्हायव्हल? झंकार?"

मी गप्प झाले. त्या दिवशी काकांनी मला जे शिकवलं ते बीएडला कुणी शिकवलं नव्हतं.

जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. त्यामुळे गाणं मोठं असेल तर ते कापायचं, नाहीतर भाग एक, भाग दोन असं बाजूंवर वाटायचं. ही कव्वाली तर बारा मिनिटांच्या आसपासची. सिनेमात असलेलं कडवं तबकडीवर नसतं, तबकडीवरचं सिनेमात नसतं. कधी तबकडीसाठी गाणं वेगळं गाऊन घेतलेलं असतं. एलपी आल्यावर जागा वाढली. कॅसेट आली तेव्हा कुठलं मूळ उचललं यावर सगळं ठरायचं. सीडीवर आणखी चौथंच. काकांकडे एक लांबट वही आहे, दुकानदाराच्या खतावणीसारखी. एकेका गाण्याला एक पान, त्यावर रकाने: सिनेमा, तबकडी, एलपी, कॅसेट, सीडी, आणि शेवटी 'फरक'. त्या शेवटच्या रकान्यात 'दुसऱ्या कडव्यानंतर व्हायोलिन जास्त' किंवा 'सूर अर्धी पट्टी चढलेला, टेप जलद' अशा नोंदी. तबकडीच्या मध्यावर, कागदी लेबलच्या कडेला प्लास्टिकमध्येच कोरलेला एक बारीक नंबर असतो. लेबलवरचा नंबर सारखा असला तरी हा कोरलेला नंबर वेगळा निघू शकतो, म्हणजे गायकाने गाणं दुसऱ्यांदा गायलेलं असतं आणि कंपनीने गुपचूप तेच पुढे छापलेलं असतं. काका भिंग घेऊन तो नंबर वाचतात. मी पण वाचला. डोळ्यांत पाणी आलं, भिंगामुळे.

हे वेड एकट्या काकांचं नाही. मुंबईत १९९० पासून अशा संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा कोश केला, त्यात दशकावारी सिनेमे, गाणी आणि तबकड्यांचे नंबर दिलेत. गीतरामायणाचंच घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती छप्पन गाणी दर आठवड्याला गेली तेव्हा वेगवेगळी पात्रं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती, माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकर होत्या, वसंतराव देशपांडे होते. नंतर तबकड्या निघाल्या त्या एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात, आणि घराघरांत तेच गीतरामायण झालं. काका लहान असताना त्यांनी रेडिओवरचं ऐकलेलं. त्यांना आयुष्यभर ते पहिलं हवं होतं. "बाबूजी थोरच," ते म्हणाले, "पण माझ्या आईने ऐकलेली सीता वेगळ्या आवाजाची होती."

हे वाक्य ऐकून मला वाटलं, आता यांना माझा प्रश्न कळला.

पुढचे दोन-तीन महिने शनिवार-रविवार यातच गेले. चोरबाजारात गेले, मटन स्ट्रीटवर. एकदा शुक्रवारी गेले आणि दुकानं बंद बघून परत आले. मुसलमान असून जुम्याचं लक्षात राहिलं नाही म्हणून नवरा हसत होता. दुकानदार सुरुवातीला मला सजावटीसाठी ग्रामोफोनचा भोंगा हवाय असं समजायचे. 'बरसात की रात'ची एलपी मिळाली, पैसे भरपूर मोजले. त्यात मन्ना डेंची तान आहे, पण ती तुटत नाही. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, नाहीतर तिथल्या जुन्या माणसांना विचारलं असतं.

मग रिव्हायव्हलच्या कॅसेट तपासल्या. नव्वदच्या आसपास एचएमव्हीने ही मालिका काढली होती. लता, रफी, किशोर यांचा आवाज जुनाच ठेवून मधले वाद्यांचे तुकडे आणि ठेका नवा वाजवलेला. त्याच सुमारास झंकार. जुन्या-नव्या गाण्यावर वरून ड्रम, ढोलक, इलेक्ट्रॉनिक टाळ्या. रिक्षावाल्यांना तो ठेका लागायचाच, कारण इंजिनच्या आवाजात साध्या गाण्याचा तबला ऐकूच येत नाही. कल्याण स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर मी गाणी अशीच ऐकली आहेत. आणि तिसरा प्रकार टी-सीरिजच्या गुलशनकुमारांचा, जुनं गाणं नव्या गायकाकडून गाऊन घ्यायचं. कॉपीराइट कायद्यात तशी वाट होती, ठरावीक वर्षं उलटली की नोटीस देऊन, पैसे भरून नवी आवृत्ती काढता यायची. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची झाली आणि मूळ गाण्यात फेरफार करण्यावरही बंधन आलं. सोनू निगमने रफीसाहेबांची गाणी गायलेली अशी एक कॅसेट मी पहिल्या शिकवणीच्या पैशातून अब्बांना आणून दिली होती. त्यांनी एक कडवं ऐकलं. "लडका अच्छा गाता है," म्हणाले, आणि कॅसेट काढून कव्हरात नीट ठेवली. पुन्हा कधी लावली नाही.

एवढं सगळं ऐकून झालं, पण अब्बांची कव्वाली कशातही नव्हती. शब्द दोनदा येणारी, 'खट्' होणारी, दुसऱ्या बाजूला घुंगरांवर सुरू होणारी.

वर्गात मी पाठभेद शिकवते तेव्हा मुलं कंटाळतात. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रती गोळा करून शुद्ध प्रत तयार केली, आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. (काकांची बासुंदी याच घराण्यातली.) उर्दूत गालिबचं उलट. त्याने स्वतःच आपले कितीतरी शेर दिवाणातून काढून टाकले. पुढे १८२१ सालचं एक हस्तलिखित भोपाळमध्ये सापडलं, १९२१ मध्ये ते 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून छापलं गेलं आणि काढलेले शेर परत आले. आता ते गालिबचे म्हणायचे की नाही? त्यानेच नको म्हटलेले. हा प्रश्न मी मुलांना नेहमी विचारते. या वर्षी विचारला आणि माझाच घसा अडकला. मालकानेच पुसलेलं असेल तर?

एका मुलीने मात्र छान उत्तर दिलं. म्हणाली, "मॅडम, डिस्को दीवानेसारखं. आलिया भटचं आहे ते पण खरं आणि जुनं पण खरं." तिला वाटत होतं जुनं गाणं कुणा बाईने नंतर गायलंय. मी तो तास सोडून नाझिया हसनबद्दल बोलले. कराचीची मुलगी, लंडनमध्ये वाढलेली, पंधराव्या वर्षी 'कुर्बानी'त गायली. भाऊ झोहेबबरोबर १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' काढला, बिद्दूच्या संगीतावर. २००० साली पस्तिसाव्या वर्षी कॅन्सरने गेली. सिनेमात ते गाणं आलं २०१२ ला.

मुलांना जे सांगितलं नाही ते इथे सांगते. आमच्या घरात नाझियाची कॅसेट भाईजानची होती. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. चाळीच्या गॅलरीत केस मागे फिरवून तो तिची गाणी म्हणायचा. २०१२ च्या गणपतीत की दिवाळीत, आम्ही दोघं फडके रोडवरून चाललो होतो आणि कुठल्याशा स्पीकरवर ते नवं गाणं लागलं. भाईजानच्या डोक्यावर टोपी, दाढी पांढरी व्हायला लागलेली. चालता चालता थांबला, चारेक सेकंद. "आवाज नाझियाचाच ठेवलाय," म्हणाला. "मागचं सगळं नवं." आणि पुढे निघाला. दहा-बारा वर्षं गाणं न ऐकलेला माणूस. अब्बाही असेच. २००४ च्या ईदच्या आठवड्यात रंगीत 'मुगल-ए-आझम' लागला. नौशादसाहेबांनी उत्तम सिंगांच्या मदतीने मागचं संगीत नव्यानं वाजवून घेतलं होतं, गायकांचे आवाज मूळचेच. अब्बा आले नाहीत, मी आणि अम्मी गेलो. परत आल्यावर त्यांनी सिनेमाबद्दल काही विचारलं नाही. जेवताना फक्त, "बाजा बदला क्या?" अम्मी म्हणाली, हो, बदलला. "कितना?" हा प्रश्न अम्मीला कळला नाही. मला कळला होता, पण उत्तर देता आलं नाही.

शेवटी काकांनीच विचारलं, "अब्बांनी कॅसेट विकत कुठून घेतली?"

विकत घेतलीच नव्हती. भरून आणली होती. हे इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या काळी रेकॉर्डिंग सेंटर असायची. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दुकानदार त्याच्याकडच्या तबकड्यांवरून भरून द्यायचा. कंपनीच्या परवानगीचा प्रश्न कुणाच्या मनातही यायचा नाही. साठ मिनिटांची असेल तर एका बाजूला तीस, नव्वदची असेल तर पंचेचाळीस. शेवटचं गाणं मावलं नाही तर तोडायचं. म्हणजे प्रत्येक यादीची वेगळी आवृत्ती, आणि प्रत एकच.

अम्मीला दुकान आठवत होतं, कल्याणला, स्टेशनपासून चालत. आता तिथे मोबाईल दुरुस्ती चालते. मालक मात्र तेच, मुलगा दुकान बघतो आणि ते मागे स्टुलावर बसून असतात. मी सलाम करून सांगितलं. ते हसले. "ताई, आठवड्याला शंभर कॅसेट भरायचो. मला काय आठवणार?" मी त्यांना मोबाईलवर एलपीतली कव्वाली ऐकवली आणि तो शब्द दोनदा येतो ती जागा गाऊन दाखवली. भर दुकानात. त्यांचा मुलगा दुसरीकडे बघू लागला. म्हातारबुवा एकदम सरसावून बसले.

"ते होय. ती तबकडी आमची. चरा होता तिच्यावर. सुई उडायची. मी बोटाने पुढे ढकलायचो, त्याचा तो खट्."

आणि घुंगरू?

"माझा मेहुणा. त्याने ऑक्टापॅड घेतला होता, लग्नात वाजवायचा. कुणी झंकार मागितलं की तो तबकडीबरोबर बसून वाजवायचा, मी मिक्सरमधून घ्यायचो. दहा रुपये जास्त." मेहुणा आता नाही. तबकड्या २००५ च्या पुरात भिजल्या, भंगारात गेल्या.

घरी येताना लोकलमध्ये मला हसू येत होतं. मी ज्याला कव्वालीची खरी चाल समजत होते तो एक चरा होता, आणि अब्बांनी त्यावर दहा रुपये जास्त दिले होते. कारखान्यात रंगाच्या पिंपांजवळ दोन पाळ्या करणारा माणूस. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढली, त्या कव्वालीचं पान उघडलं आणि एक नवा रकाना आखला. वर काय लिहावं याचा थोडा विचार केला. मग 'कल्याण' असं लिहिलं. फरकाच्या रकान्यात: 'चरा. ऑक्टापॅड.'

कॅसेट मी भाईजानकडे मागितली. तो म्हणाला, काय उपयोग, त्यावर बयान आहे. पण दिली. काकांच्या ओळखीच्या एका मुलाने ती साफ केली, फीत एका जागी चिकटवली आणि दोन्ही बाजू संगणकावर उतरवल्या. मला आशा होती ती बयानानंतर फीत उरली असेल, तिथे कव्वालीची शेपटी असेल. पहिल्या बाजूला शेवटी तशी ती आहे. वीसेक सेकंद. मन्ना डे, तो शब्द दोनदा, खट्.

दुसऱ्या बाजूला काही उरलेलं नाही. बयान शेवटपर्यंत आहे. भाईजानने ते दुसऱ्या टेपवरून भरलं होतं, दोन टेप समोरासमोर ठेवून, वायर नसल्यामुळे. म्हणून मागे आमचं घर ऐकू येतं. कुकरची शिट्टी, चाळीतलं पोरांचं ओरडणं, लांबून जाणारी गाडी. पण सगळ्यात सुरुवातीला, मौलाना बोलायला लागण्याआधी, बटन दाबल्याचा आवाज येतो आणि टेपच्या अगदी जवळून अब्बा विचारतात, "लाल बत्ती लगी क्या?"

भाईजान म्हणतो, "लगी."

"पट्टी बराबर बैठी ना? निकलेगी तो भरेगा नहीं."

"बैठी, अब्बा."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि बयान सुरू.

मी ते भाईजानला फोनवरून ऐकवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही 'तू खरं बोलत होतास' असं म्हणाले नाही, म्हणायला हवं होतं. मगरीबची वेळ होत आली होती. त्याने विचारलं, "मोबाईलवर पाठवता येईल?"

म्हटलं, येईल. बयानवाली बाजू पाठवते.

"दोन्ही पाठव," तो म्हणाला.